मेलेल्यांचे आवाज लिहिताना

शलाकाताईंनी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘कामाचे अनुभव’ लिहून मागितले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझ्या कामात सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं झॉम्बींबद्दल आहे. त्या म्हणाल्या, “अहो सुहास, दिवाळीत मढी कशाला? पण लिहा. निदान ‘माझी मायग्रेशनची कहाणी’ तरी नाही.”

तर मी कॅप्शन्स लिहितो. सिनेमा चालू असताना पडद्याच्या खाली इंग्रजी वाक्यं उमटतात, ती. लोकांना वाटतं हे भाषांतर आहे. सुरुवातीला तेच होतं. इथे ऑस्ट्रेलियात शिकायला आलो, शिक्षण संपलं, हिंदी सिनेमांचे इंग्रजी सबटायटल्स करण्याचं काम मिळालं. पण कॅप्शन म्हणजे इंग्रजी सिनेमा इंग्रजीतच लिहायचा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. नुसते संवाद नाहीत. दार करकरलं, लांब कुत्रा भुंकला, कुणीतरी श्वास रोखला, हे सगळं चौकटी कंसात लिहायचं. नगरच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा ऑस्ट्रेलियन लोकांना त्यांचं इंग्रजी वाचायला देतो, याचा मला बरीच वर्षं छुपा अभिमान होता.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ती मागे ठेवून लेख लिहिणं म्हणजे पुन्हा तेच करणं. मला ऐकू कमी येतं. ते हळूहळू कमी होत गेलं आणि मी ते ऑफिसपासून, बायकोपासून, मुलीपासून लपवलं. आवाज लिहिण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने.

भयपट माझ्याकडे आले ते दुसऱ्या कुणाला नको होते म्हणून. माझी सहकारी टेस म्हणायची, “तू घे ना प्लीज, मला रात्री स्वप्नं पडतात.” त्यातही झॉम्बीपट सोपे, असा ऑफिसात समज होता, कारण मेलेले बोलत नाहीत, संवाद कमी म्हणजे टायपिंग कमी. खरं उलट आहे. संवाद नसले की सिनेमा आवाजावरच चालतो, आणि आवाज लिहिणं संवाद लिहिण्याहून अवघड. नट जे बोलला ते बोलला, त्यात आपल्याला ठरवायचं काही नसतं. पण अंधारात काहीतरी घासलं, तर ते घासलं की फरफटलं की सरकलं, हे मी ठरवतो, आणि कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या दिवाणखान्यात बसून त्यावर विश्वास ठेवतो.

दोन सिनेमांबद्दल सांगतो. एक जुना कृष्णधवल, आणि दुसरा त्याचाच अलीकडे पुन्हा केलेला नवा अवतार. गोष्ट एकच. दूर माळरानावरचं मेंढ्यांचं फार्म. लोकर कातरणारे कामगार कुठल्याशा रोगाने मरतात, पुरले जातात, आणि उठून परत येतात. फार्मवर उरलेली पाच-सहा माणसं लोकरीच्या शेडमध्ये स्वतःला कोंडून घेतात.

जुन्यात मेलेले चालतात. इतके सावकाश, की पहिल्यांदा पाहताना हसू येतं. एखादं म्हातारं माणूसही त्यांच्यापुढे चालत निघून जाऊ शकेल. पण कुणी निघून जात नाही. शेडमधली माणसं आपसात भांडतात, एकमेकांपासून काही ना काही लपवतात, चहा करतात. फटीतून बाहेर पाहिलं की मेलेले मगाशी होते त्याहून थोडे जवळ आलेले असतात. एवढंच. संगीत जवळजवळ नाहीच. वारा, मेंढ्या, पत्रा, आणि कोरड्या गवतातून ओढत येणारी पावलं.

त्या जुन्या सिनेमाची प्रत स्वच्छ करून पुन्हा काढली, तेव्हा कॅप्शन्स मी केली, आणि त्यात एक चूक केली. ही चूक आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. शेडमधल्या एका माणसाचा भाऊ मदत आणायला गेलेला असतो. संध्याकाळी दारावर कुणीतरी नखांनी खरवडतं, कण्हतं. आत सगळे थबकतात. भाऊ जखमी होऊन परत आलाय, की मेलेल्यांपैकी कुणी आहे? दार उघडायचं की नाही यावर बराच वेळ हमरीतुमरी होते. मी तो सिनेमा तोवर तीनदा पाहिलेला. दारामागे कोण आहे ते मला माहीत होतं. मी कंसात लिहिलं: ‘मेलेला भाऊ कण्हतो’.

काही आठवड्यांनी ऑफिसात एक ईमेल आला. “ज्याने कुणी ही कॅप्शन्स लिहिली त्याचे आभार. भाऊ मेला हे मला शेडमधल्या सगळ्यांच्या आधी कळलं. पुढचा प्रसंग मी भांडी घासण्यात घालवला. — बेव्ह.”

आमचा पहिला नियम हाच: ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच सांगायचं, आणि तेव्हाच. मला तो पाठ होता. तरी मोडला. मी बेव्हला माफीचं उत्तर पाठवलं, फाइल दुरुस्त केली. तिने लिहिलं, “नो वरीज. आमच्या फिल्म क्लबला ये. ज्यांच्यासाठी लिहितोस ती माणसं एकदा बघून घे.”

हा क्लब आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्याच एका हॉलमध्ये रविवारी दुपारी भरायचा, म्हणजे घरापासून गाडीने जेमतेम पाच मिनिटं. ऐकू न येणारी वीस-पंचवीस माणसं, त्यांच्यासोबत काही ऐकणारी मुलं, नवरे, बायका, आणि साइन लँग्वेजची एक इंटरप्रिटर. बेव्ह सत्तरीच्या पुढची, लहानपणापासून बहिरी, शिवणकाम करून निवृत्त झालेली. ओठ वाचायची, थोडं बोलायची. सवय झाली की तिचं बोलणं नीट कळायचं, नाही कळलं तर ती फोनवर टाइप करून माझ्या नाकासमोर धरायची. मला तिने साइनमध्ये नावही दिलं: छातीच्या खाली हाताने आडवी रेघ. खाली लिहिणारा तो.

जुना सिनेमा तिने तरुणपणी ड्राइव्ह-इनमध्ये पाहिला होता, मोठ्या मैदानात गाड्या लावून. सोबत रॉन, पुढे तिचा नवरा झाला तो; तोही बहिरा. ड्राइव्ह-इनमध्ये गाडीच्या खिडकीला अडकवायला एक छोटा स्पीकर देत. “आमच्या गाडीचा स्पीकर आम्ही शेजारच्या गाडीतल्या पोरांना देऊन टाकला,” ती म्हणाली. सगळ्यांनाच ती ‘लव्ह’ म्हणायची. “आणि लव्ह, पहिल्यांदा असा सिनेमा पाहिला की जो आम्हाला बाकीच्यांइतकाच कळला. मेलेले बोलत नाहीत. जिवंत आहेत ते एकमेकांचं ऐकत नाहीत. वाटलं, आमच्यासाठीच काढलाय.”

रॉन जाऊन काही वर्षं झाली होती. त्याच्याबद्दल बोलताना ती आधी दोन्ही हातांनी बोलायची, मग मला समजत नाही हे आठवून तोंडाने.

आता माझ्या घराबद्दल थोडं. ग्लेन वेव्हर्लीत आम्ही घर घेतलं ते शाळेसाठी, इथे बहुतेक सगळे घेतात तसं; हद्दीत घर असेल तरच चांगल्या शाळेत प्रवेश. मुलगी रेवा त्या शाळेतून पास झाली आणि सिडनीला युनिव्हर्सिटीत गेली. तिथेच ब्लॅकटाउन भागात तीन मैत्रिणींबरोबर राहते. बायको मंजूषा नर्स. तिने देशाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलमधली नोकरी घेतली. सगळ्यांना आम्ही सांगितलं की संधी चांगली आहे, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. शाळा संपल्यावर शाळेच्या हद्दीतल्या त्या चार खोल्यांच्या घरात मी एकटा राहिलो.

संधी चांगली होतीच. पण निघायच्या आधी एकदा ती भांडी लावता लावता काहीतरी बोलत होती. मी तिच्याकडे पाठ करून फोन बघत होतो. ती पुढे आली आणि म्हणाली, “अरे, मी इतका वेळ कुणाशी बोलतेय? या घरात दोन माणसं असून मी एकटीच बोलते.”

“ऐकतोय ना,” मी म्हटलं.

“काय म्हणाले मी?”

मला सांगता आलं नाही. तिचा आवाज मुळात बारीक. पाण्याच्या नळाखाली तो माझ्यासाठी पुसूनच जायचा. मी म्हणू शकलो असतो की मंजू, मला ऐकू आलं नाही. ती नर्स आहे, दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन मोकळी झाली असती. मी म्हटलं, “सॉरी, लक्ष नव्हतं.” असं मी कितीतरी वेळा म्हटलं. बहिरा ठरण्यापेक्षा बेपर्वा ठरणं मला सोपं वाटलं. बेपर्वा माणसाची नोकरी जात नाही.

ऐकू न येणं कुठून सुरू झालं, सांगता येत नाही. जोरात बोललेलं आजही ऐकू येतं, गाड्या, दारं, पुरुषांचे आवाज येतात. गेले ते बारीक, उंच आवाज. मायक्रोवेव्ह झाला की वाजतो, तो वाजेनासा झाला. मला वाटलं बिघडलाय. स्टेशनवर ट्रेनच्या प्रवासाचं मायकी कार्ड टेकवल्यावर बीप येते, तिची जागा हिरव्या दिव्याने घेतली. मी दिवा बघायला शिकलो. कामावर हेडफोनचा आवाज वाढवला. तेही पुरेना, तेव्हा मी डोळ्यांनी ऐकायला लागलो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची एक रेघ दिसते, डोंगरांच्या रांगेसारखी. जिथे उंचवटा दिसेल तिथे चित्र बघायचं. दार हललं, म्हणजे दार वाजलं. कुणी मान वळवली, म्हणजे मागे काहीतरी झालं. या पद्धतीने मी बरेच दिवस काढले, आणि कुणी पकडलं नाही.

गंमत अशी की याच काळात माझं काम निव्वळ आवाजाचं झालं. संवादांचा पहिला खर्डा आता मशीन करतं. ऑफिसात माणसं कमी झाली. मशीनला ‘कुणीतरी अंधारात थांबलंय’ हे लिहिता येत नाही, त्यासाठी कानाचा माणूस लागतो, म्हणून मला ठेवलं. ग्रेग, आमचा बॉस, मीटिंगमध्ये म्हणाला होता, “सुहास इज अवर इअर्स.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो.

अशात तो नवा सिनेमा आला.

नव्यात मेलेले धावतात. गोष्ट तीच, फार्म तेच, पण लोकरीच्या शेडऐवजी मोठा थोरला कत्तलखाना आहे, आणि मेलेले पाण्याच्या लोंढ्यासारखे येतात, एकमेकांच्या अंगावरून. निर्मात्याच्या ऑफिसातून एक मुलगा मला फोन करून सांगायचा, “मेट, आमचे झॉम्बी कण्हत नाहीत. जुने कण्हायचे. आमचे गुरगुरतात.” मग मी सगळीकडची कण्हणी काढून गुरगुर केली. पुन्हा फोन: “सगळेच गुरगुरत नाहीत. काही फिस्कारतात.” मेलेल्यांमध्ये एवढे भेद करायला लावणारं दुसरं गिऱ्हाईक मला भेटलं नाही.

कॅप्शन लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत खरा फरक वेगाचा नाही, वेळेचा आहे. वाचणाऱ्याचे डोळे खाली जातात आणि परत वर येतात. जुन्या सिनेमात तुम्ही खाली ‘गवतात पावलं’ वाचून वर पाहिलं तरी मेलेला तिथेच असतो, एखादं पाऊल पुढे. नव्यात ‘किंकाळी’ वाचून वर पाहीपर्यंत ओरडणाऱ्याचं डोकं गेलेलं असतं. जुन्यात दारात उभ्या असलेल्या मेलेल्याच्या कोटाचं एक बटण तुटलेलं दिसतं आणि त्याची बायको त्याला त्यावरून ओळखते. तिला भीती वाटते ती ओळखीची. नव्यात ओळखायला वेळच नाही. भीती आहे ती सापडण्याची. मला जुनी जास्त जवळची वाटते, पण मी जुन्या वळणाचा माणूस आहे, माझं मत फार धरू नये.

मात्र नव्या सिनेमात एक प्रसंग आहे, ज्यात ते थांबतात.

बाप आणि दहाएक वर्षांची मुलगी. बापाच्या हातात स्वस्तातलं डिजिटल घड्याळ. सुरुवातीलाच तो तिला बटण दाबून दाखवतो: दर तासाला हे वाजतं, वाजलं की समजायचं बाबा आहे. ती हसते. तिथली बीप मी कॅप्शनमध्ये लिहिली होती. चित्रात बटणावर बोट दिसतं, मुलीचं हसू दिसतं. ती बीप मी डोळ्यांनी ऐकली होती. पुढे बाप हरवतो. शेवटाकडे मुलगी एकटीच थंड साठ्याच्या खोलीत लपते. बाहेरून लोंढा धावत जातो, दूर होतो. पडदा जवळजवळ काळा. यंत्रांची घरघर, तिने आवाजाची रेघ सलग भरलेली. मी लिहिलं: ‘फ्रीझरची घरघर’. मग काही क्षण काहीच नाही, आणि अचानक बाप, मेलेला, तिच्यासमोर.

मी तो प्रसंग कितीतरी वेळा पुढेमागे करून पाहिला होता. मला तो बरा वाटला होता, थोडा उथळ. नुसतंच अंगावर येणं.

बेव्हने एका रविवारी दोन्ही सिनेमे लागोपाठ ठेवले. आधी जुना, मग चहा, मग नवा. दोन्हींची कॅप्शन्स माझी, म्हणून मला पुढे बोलावून सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली. त्यांच्यात टाळ्या अशा वाजवतात. मी खरोखर सुखावलो. घरी त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललेलं नव्हतं.

जुना सिनेमा बघताना बहुतेकांनी खुर्चीत हातांनी आपसात गप्पा मारल्या. अंधार असला तरी जुन्या सिनेमाचा उजेड त्यांना पुरायचा. नवा सुरू झाला तसे हात थांबले. कुणाचीच नजर हलायला मोकळी नव्हती. मग थंड खोलीचा तो प्रसंग आला, गेला, पुढे सिनेमा संपला.

चहाच्या टेबलाजवळ मी लॅमिंग्टन, म्हणजे इथला खोबऱ्याचा केक, उचलत होतो. बेव्ह समोर येऊन उभी राहिली. तिने फोन काढला नाही. तोंडानेच बोलली, सावकाश.

“त्या काळोखात कसला आवाज होता?”

“कुठल्या?”

“मुलगी लपते तिथे. बाप दिसायच्या आधी.”

“फ्रीझर,” मी म्हटलं. “लिहिलंय ना.”

तिने मान हलवली. बेव्ह सिनेमा बघायला नेहमी पुढच्या कोपऱ्यात, खुर्ची तिरकी करून बसायची. मला वाटायचं मान दुखते. ती म्हणाली, “मी अर्धा वेळ पडदा बघते आणि अर्धा वेळ ऐकणाऱ्यांची तोंडं. आमचा साउंडट्रॅक तोच. तिथे पडद्यावर काही नव्हतं. पण आमच्या डॉटचा ऐकणारा मुलगा फिल दचकला, बाटली हातातून सुटली. इंटरप्रिटर पोरीने तोंडावर हात धरला. बाप यायच्या आधी. म्हटलं सुहासला विचारू या, म्हणून तुझ्याकडे पाहिलं.” तिने माझ्याकडे बोट केलं. “तू आरामात बसला होतास.”

“मी किती वेळा पाहिलाय तो, बेव्ह. मी कशाला दचकू?”

“बरं. मग सांग, काय होतं?”

मी लॅमिंग्टन परत ताटात ठेवला. फिल जवळच उभा होता, पँट पुसत. बेव्हने त्याला हाताने विचारलं. तो साइन करता करता मोठ्यानेही बोलला, माझ्यासाठी म्हणून: “घड्याळ, मेट. बापाचं घड्याळ. खोलीच्या आतून बीप येते. म्हणजे तो आत आहे आणि तिला माहीत नाही. नाही, माहीत आहे, तिने ऐकलंय. हेच तर, जीझस. एवढी बारीक बीप, आणि माझी बाटली खाली.”

हॉलमधल्या वीस-पंचवीस माणसांना एक भूत अचानक पुढे आलेलं दिसलं होतं. बाकी चार-पाच जणांनी, एका मुलीने आपल्या बापाची खूण ओळखली हे पाहिलं होतं. दोन वेगळे सिनेमे. मधला फरक माझ्या कानाएवढा.

बेव्ह फिलकडे नाही, माझ्याकडे बघत होती. “कधीपासून?”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, “खोटं बोलू नकोस, मी ओठ वाचते.”

मग सांगितलं. मायक्रोवेव्ह, मायकी, आवाजाची रेघ, सगळं. मला वाटलं होतं ती पाठीवर हात ठेवेल. ऐकणाऱ्यांच्या जगातून आपल्यात एक जण येतोय, थोडं तरी बरं वाटेल तिला. ती संतापली. हात आणि तोंड दोन्हींनी एकदम बोलायला लागली, त्यातलं अर्धं मला कळलं नाही, मग तिने फोनवर टाइप करून धरलं. त्यात लिहिलं होतं: “तू बहिरा झालास याचा मला राग नाही. आम्ही सगळेच आहोत. पण तू आमच्या बाजूला येऊन बसलास आणि त्यांच्या बाजूचा पगार घेत राहिलास. रॉन असता तर त्याने हा प्रसंग जन्मभर सांगितला असता. आम्हाला तो मिळालाच नाही आणि मिळाला नाही हेही कळलं नसतं.”

मी वाचून फोन परत दिला. माझे डोळे भरलेले बघून ती जरा निवळली असावी. कप भरून हातात दिला.

“तुला एक सांगू? तू जुन्या सिनेमातला आहेस, लव्ह,” ती म्हणाली. “नव्यातला नाहीस. नव्यात कुणाला वेळच मिळत नाही. जुन्यात ते इतके हळू येतात, सगळ्यांना दिसत असतात, निघून जायला ढीगभर वेळ असतो. आणि माणसं आत बसून म्हणतात, काही नाही, वारा आहे.”

“मी काय करू?”

“आधी फाइल दुरुस्त कर. मग त्यांना सांग. मग रड.”

सोमवारी ग्रेगला सांगितलं. तो टेबलावरचं पेन फिरवत होता. “थँक्स फॉर टेलिंग मी, मेट,” म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. टेसने त्या प्रसंगात कॅप्शन घातलं: ‘अंधारात, अगदी जवळ, घड्याळाची बीप’. मी एवढं चांगलं लिहिलं नसतं. ‘अगदी जवळ’ हे मला सुचलं नसतं. नंतर तिने माझे अलीकडचे सगळे सिनेमे पुन्हा ऐकले. किती ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकदा पाणी प्यायला उठली तेव्हा माझ्याजवळ थांबून म्हणाली, “त्या लहान मुलाच्या सिनेमात शेवटी चिमण्या आहेत, सुहास. खूप चिमण्या.” आणि गेली.

ते सिनेमे लोकांनी बघून झालेत. कुठल्या तरी घरात कुणीतरी तो शेवट चिमण्यांशिवाय पाहिला, ‘असेल असाच’ म्हणून टीव्ही बंद केला. त्या माणसांची माफी मागायची तर कुणाकडे मागणार? हे मला अजून उमगलेलं नाही. हा लेख त्यांच्यापर्यंत पोचणार नाही हेही कळतं.

कानाच्या तपासणीत मला एक आलेख दाखवला. डावीकडून उजवीकडे, जाड आवाजांकडून बारीक आवाजांकडे जाणारी रेघ, आणि मध्यावरून ती कड्यासारखी कोसळलेली. हेडफोनमुळे की वयामुळे, सांगता येत नाही म्हणाले. दोन्ही कानांत ऐकायचं मशीन बसवलं. आता ऑफिसात मी आठवड्यातले थोडे दिवस जातो, मशीनने लिहिलेल्या संवादांच्या ओळी कुठे तोडायच्या, वाचायला वेळ पुरतो का, एवढंच बघतो. आवाज टेस लिहिते. आता तिला स्वप्नं पडत असतील.

बेव्हच्या क्लबला मी जातो. तिने माझं साइनमधलं नाव बदललं नाही. पण मी पुढे तिच्या शेजारी बसतो, आणि ती कोपराने मला ढोसून खुर्ची तिरकी करायला लावते.

रेवाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “ओ माय गॉड, बाबा, आय थॉट यू जस्ट डिडन्ट लाइक फोन कॉल्स.” ती हसली, मग रडायला लागली, मग मला ओरडली. मंजूषाला सांगायचं मी सगळ्यात शेवटी ठेवलं. मशीनची सवय होऊ दे, मग बोलू, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. शेडमध्ये बसून चहा करणंच होतं ते.

शेवटी एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. ती नुकतीच ड्यूटीवरून आलेली, युनिफॉर्मवरच, स्वयंपाकघरात. बाहेर डार्विनचा पाऊस पडून गेलेला असावा, मागच्या खिडकीत सगळं हिरवं चकचकीत. मी कानांतली मशीनं कॅमेऱ्याला दाखवली आणि सांगितलं. कधीपासून, काय काय, कसं लपवलं. लक्ष नव्हतं असं म्हणायचो तेव्हा काय खरं होतं, तेही.

तिने कॅमेऱ्याच्या जवळ येऊन मशीनं नीट पाहिली. मग म्हणाली, “म्हणजे तू ऐकत नाहीस म्हणून मी इथे आले. आणि तुला ऐकूच येत नव्हतं.”

“हो.”

“आणि तुला हे माहीत होतं. मी बॅग भरत होते तेव्हा.”

“हो.”

तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि खुर्चीवर बसली. केसांतली पिन काढली. ओरडली नाही. “आता येतं ऐकू?”

“येतं.”

“मग सांग, काय ऐकू येतंय तुला. इथलं. आत्ता.”

माझ्या आयुष्यात कुणी माझी एवढी सोपी परीक्षा घेतली नसेल, आणि मी एवढा घाबरलोही नसेन. डोळे मिटले. चित्र बघायचं नाही असं ठरवलं. “पंखा आहे,” मी म्हटलं. “त्याला खुळखुळ आहे कसली तरी. फ्रिज चालू आहे. आणि...” काहीतरी बारीक, तुटक, उंचावर. थांबलं. पुन्हा आलं. “भिंतीवर पाल आहे का गं? चुकचुकतेय.”

 मी डोळे उघडले. ती भिंतीकडे बघत होती.

“मी आले तेव्हापासून आहे ती,” मंजूषा म्हणाली. “प्रत्येक फोनला असते. मला वाटायचं, कधीतरी विचारशील.”

मग ती बोलायला लागली. मागचं, त्याच्या मागचं, भांडी लावताना त्या दिवशी जे म्हणाली होती तेही. त्यात माझ्याबद्दल चांगलं असं फारसं नव्हतं, आणि ते इथे लिहिण्यासारखंही नाही. पण त्यातलं काहीही ऐकायचं सुटलं नाही.